विल्यमसाहेबांचं घड्याळ

मराठी मध्यमवर्गीय घरात सोनं बेताचं असतं, जमीन असलीच तर ती कुळकायद्यात गेलेली असते. पण बंद पडलेलं एक जुनं मनगटी घड्याळ मात्र हटकून असतं. कपाटाच्या आतल्या खणात, पत्र्याच्या डब्यात, मुंजीतल्या भिकबाळीशेजारी ते पहुडलेलं असतं. त्याला दोन गोष्टी कायमच्या चिकटलेल्या असतात. एक मळका पट्टा आणि दुसरी दंतकथा. घड्याळ संस्थानिकानं दिलेलं असतं, निदान त्याच्या दिवाणानं तरी. पणजोबांनी ते दुकानात जाऊन, रोख पैसे मोजून, पावती घेऊन विकत आणलं, असं मी आजवर एकाही घरात ऐकलेलं नाही. इतकी घड्याळं फुकट वाटल्यावर संस्थानं खालसा झाली नसती तरच नवल!

आमच्या घरातल्या दंतकथेचे कर्ते, गायक आणि निरूपणकार म्हणजे आमचे थोरले काका. कथा अशी. आमचे आजोबा जी. आय. पी. रेल्वेत एका आडबाजूच्या स्टेशनवर तारमास्तर होते. सन १९३०, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचं साल. मेल सुटून गेल्यावर आजोबांना रुळांशेजारी एक पाकीट सापडलं. (काकांच्या तरुणपणी या पाकिटात तीनशे रुपये होते. काकांना पेन्शन लागलं तेव्हा त्याचे अठराशे झाले होते. महागाई दंतकथेलाही चुकत नाही.) आजोबांनी पुढच्या स्टेशनला तार ठोकून पाकीट मालकाला पोचतं केलं. दुसऱ्या दिवशी एक गोरा साहेब खास उलट्या गाडीनं आला, आजोबांशी शेकहँड केला आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांच्या मनगटावर बांधता झाला. पुरावा? घड्याळाच्या पाठीवर साहेबाची आद्याक्षरंच कोरलेली आहेत: डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू.! पहिला डब्ल्यू विल्यमचा, याबद्दल काकांना तिळमात्र शंका नाही. उरलेले दोन दर दिवाळीला बदलतात. अक्षरांजवळ एक बाण कोरला आहे. तो रामाचा. सत्यवचनी माणसाची खूण म्हणून साहेबानं तो रातोरात कोरून घेतला. साहेबाला रामायण कुठून ठाऊक, असं विचारणाऱ्याला काका पुढच्या वेळी गोष्ट सांगत नाहीत.

दर खंडेनवमीला हे घड्याळ आमच्याकडे अडकित्ता, पान्हा आणि शिवणयंत्राच्या जोडीनं पाटावर बसतं. गेल्या खेपेला काकांच्या नातीनं ते उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, पुढचं पुसलं गेलंय. डॉट कॉम कुठंय?" विल्यमसाहेबांच्या स्मृतीचा एवढा अवमान त्या पाटासमोर पूर्वी कधी झाला नव्हता.

पण संकट आलं ते न्यू जर्सीहून. तिथं काकांचे चिरंजीव राहतात. जुन्या घड्याळांना तिकडे डॉलरमध्ये भाव येतो, हे त्याला कळलं आणि त्यानं फोनवर दोनच प्रश्न विचारले: घड्याळ नक्की कोणत्या साली बनलं आणि डायल मूळचीच आहे का? पहिल्याचं उत्तर काकांनी बाणेदारपणे दिलं, "एकोणीसशे तीसच्या आधीचं!" दुसरा प्रश्न त्यांना कळला नाही, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे पाठवला. मी निवृत्त आहे, आणि निवृत्त माणसाच्या वेळेवर सगळ्या नातेवाइकांची समाईक मालकी असते.

आता घड्याळाचं वय काढायचं म्हणजे काय करायचं? पुण्यात खरं तर या कामाला माणसांचा तुटवडा पडू नये. इतिहासाचार्य राजवाडे दऱ्याखोऱ्यांतून कागद गोळा करत हिंडले, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, आणि तेव्हापासून कागदाचं वय काढणं हा या गावाचा एक घरगुती धंदाच आहे. त्यातला एक नियम साधा आहे. कागदात जी सर्वांत अलीकडची गोष्ट आली असेल, तिच्या आधीचा तो कागद असू शकत नाही. पत्रात बटाट्याच्या भाजीचा उल्लेख आला तर ते पत्र ज्ञानेश्वरांच्या काळचं नव्हे. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर आला. घड्याळाचंही तसंच. त्याच्या अंगावरचा बटाटा शोधायचा.

असे बटाटे पुष्कळ असतात. मुळात पुरुषांनी मनगटावर घड्याळ बांधणं हीच अलीकडची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात मनगटावरचं घड्याळ हा बायकांचा दागिना होता. मर्द माणूस खिशात घड्याळ ठेवी आणि साखळी पोटावर मिरवी. बोअर युद्धात इंग्रज अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की एका हातात लगाम आणि एका हातात पिस्तूल असताना खिसा चाचपायला तिसरा हात लागतो. त्यांनी खिशातलं घड्याळ कातडी वाटीत बसवून मनगटाला बांधलं. पुढं १९१४ ते १९१८ च्या लढाईनं ही चाल सगळ्या जगाला लावली. त्या काळच्या घड्याळांना पट्टा अडकवायला तारेच्या नुसत्या कड्या डकवलेल्या दिसतात, म्हणजे खिशातल्या घड्याळाला कान फुटले इतकंच. डायलवर 'इन्काब्लॉक' असं दिसलं तर घड्याळ १९३४ नंतरचं. धक्का सोसणारी ती युक्ती तेव्हाची. तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर असेल तर १९६० नंतरचं. तो 'टी' ट्रिटियमचा. आणि डायलवर 'एच. एम. टी.' च्या जोडीला 'सिटिझन' असंही नाव असेल तर ते बंगलोरचा कारखाना १९६१ मध्ये जपानी मदतीनं उभा राहिला त्या सुरुवातीच्या वर्षांतलं. (पुढं लग्नात जावयाला 'एच. एम. टी.' दिलं नाही तर वरमाय मांडवात डोळ्यांना पदर लावी. तो घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला, तेव्हा कोणी डोळ्यांना पदर लावल्याचं मी ऐकलं नाही.)

ही विद्या मला एका घड्याळजींनी शिकवली. पेठेत जिन्याखालच्या जागेत ते बसतात. वय ऐंशीच्या पुढं, उजव्या डोळ्यावर भिंग कायमचं. भिंग काढलं की ते अनोळखी वाटतात. मी घड्याळ पुढं केलं आणि काकांची गोष्ट थोडक्यात, म्हणजे वीस मिनिटांत सांगितली. त्यांनी ती गिऱ्हाइकाच्या मानानं पुष्कळच शांतपणे ऐकली.

"हे पाहा," ते म्हणाले, "घड्याळाला एक वय नसतं. डबीचं वय वेगळं, डायलचं वेगळं, मशीनचं वेगळं. काट्यांचं आणखी निराळं. आधी कुणाचं सांगू?"

डायल पांढरी स्वच्छ होती, तिच्यावर सोनेरी आकडे आणि 'ओमेगा' हे नाव. मला तर ती फार छान वाटत असे. घड्याळजी हसले. "ही इथली. मुंबईची." मग त्यांनी मला भिंगातून दाखवलं. मिनिटांच्या रेघा जवळून पाहिल्या तर पहिलीतल्या मुलाच्या पाटीसारख्या: कुठं दोन जवळजवळ, कुठं एक बाहेर पळालेली. नावातल्या अक्षरांची जाडी कमीजास्त. सहाच्या जागी सेकंदकाट्याची छोटी तबकडी असते, तिच्यावरची वर्तुळं रंगाखाली अर्धी बुजलेली. आणि तळाशी 'स्विस मेड' लिहायचं राहूनच गेलेलं. रंगाऱ्यानं प्रामाणिकपणे गाळलं म्हणायचं!

परदेशातले शौकीन अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं मंजूर नाही. गिऱ्हाइकाला फसवायला जुनं घड्याळ भडक रंगवून विकणं हा गुन्हाच; पण आमच्याकडे डायल रंगवण्याची कला निघाली ती काही फसवणुकीसाठी नव्हे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती. घड्याळाचा साधा काटा मिळायची मारामार. अशा वेळी एकाच्या मशीनला दुसऱ्याची डबी, तिसऱ्याचा काटा लावून आणि पावसाळ्यात डाग पडलेली डायल नव्यानं रंगवून घड्याळजींनी या देशाला वेळेवर कचेरीत पोचवलं. घड्याळ वेळ दाखवण्यासाठी असतं, अशी त्यांची एक जुनाट समजूत होती. डायलचा डाग 'मूळचा' म्हणून जपावा हे सुख ज्याच्याकडे दुसरं घड्याळ आहे त्याचं.

डायल अशी बाद झाल्यावर घड्याळजींनी घड्याळ उलटं केलं, आणि पाठीवरचा बाण पाहून त्यांनी भिंग काढून ठेवलं. "हा रामाचा बाण नव्हे," ते म्हणाले. "सरकारचा आहे. इंग्रज सरकारचा."

तेव्हा ऐका. तीन टोकांचा हा बाण इंग्लंडात शेकडो वर्षं सरकारी मालमत्तेची खूण म्हणून वापरला गेला. तोफ, कुऱ्हाड, कैद्याचा सदरा, सगळ्यांवर बाण. आणि डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू. म्हणजे विल्यम वगैरे कोणी नव्हेत. ते तीन शब्द आहेत: 'वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ'. घड्याळ, मनगटी, जलाभेद्य! सरकारी यादीत 'टेबल, लाकडी, तीन खणी' असं उलटं लिहितात ना, त्यातला प्रकार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला साध्या बाजारी घड्याळांचा कंटाळा आला, तेव्हा लष्करी खात्यानं एक नमुना ठरवला: काळी डायल, ठसठशीत इंग्रजी आकडे, अंधारात चमकणारे काटे, पंधरा ज्युवेल, पाणी आणि धूळ आत जाणार नाही अशी डबी, सहज फुटणार नाही अशी काच. ब्रिटनचे कारखाने लढाईच्या कामात बुडालेले, म्हणून ऑर्डर गेली स्वित्झर्लंडला. बारा कंपन्यांनी ही घड्याळं बनवली. ओमेगा, लाँजीन, आय. डब्ल्यू. सी., सायमा, व्हर्टेक्स वगैरे. शौकीन मंडळी त्यांना लाडानं 'डर्टी डझन' म्हणतात. एकट्या ओमेगानं सुमारे पंचवीस हजार पुरवली असा अंदाज आहे. प्रत्येक कंपनीला एक अक्षर होतं, ओमेगाचं 'वाय'. आमच्या घड्याळाच्या पाठीवर नंबराच्या आधी 'वाय' आहेच. (त्याचा अर्थ काकांनी 'यॉर्क' असा लावून साहेबाचं गावसुद्धा ठरवून टाकलं होतं.) स्विस लोकांची तटस्थता अशी की त्याच युद्धात जर्मन सैन्याच्या मनगटांवरही स्विस घड्याळं होती. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर हल्ल्याची वेळ बरोबर साधली, याचं श्रेय एकाच देशाला जातं.

मग झाकण उघडलं. आत तांबूस रंगाचं, लखलखीत, पाहत राहावं असं मशीन. ओमेगाचं हे '३० टी २' जातीचं यंत्र १९३९ मध्ये निघालं. तीस म्हणजे त्याची तीस मिलिमीटरची रुंदी. म्हणजे १९३० सालच्या कोणत्याही साहेबाच्या मनगटावर ते असण्याची सोयच नव्हती. यंत्रावर आठ आकडी नंबर कोरलेला, एक कोटीच्या थोडा पुढचा. ओमेगाच्या यंत्रांनी एक कोटीचा आकडा १९४४ च्या सुमारास ओलांडला. आणि डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू. घड्याळं लष्कराच्या हाती पडली १९४५ मध्ये, युद्ध संपत आलं तेव्हा. डबी, मशीन आणि पाठीवरची अक्षरं, तिघांची जबानी जुळली. मनातल्या मनात मी विल्यमसाहेबांना खांदा दिला.

काट्यांकडे मात्र घड्याळजींनी मला बोटही लावू दिलं नाही. काटे जुनेच होते आणि त्यांच्या पोटातला पिवळट मसाला रेडियमचा. तो आता चमकत नाही. पण चमक जाते ती रेडियमबरोबर मिसळलेल्या पुडीची. रेडियम अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. अमेरिकेत १९२० च्या आगेमागे अशा डायली रंगवणाऱ्या मुलींना ब्रशाचं टोक ओठांनी ओलं करून बारीक करायला शिकवलं होतं. जबड्यांची हाडं कुजून त्यातल्या कित्येक मेल्या. उरलेल्यांपैकी काहींनी न्यू जर्सीत कंपनीवर खटला भरला, १९२८ मध्ये तडजोड झाली. आमचा भाऊ राहतो तेच न्यू जर्सी. जुन्या घड्याळाच्या काट्यावरचा मसाला हौसेनं खरवडू नये, त्याची भुकटी श्वासातून आत जाऊ देऊ नये. एवढं जरूर लक्षात ठेवा.

आता हे सगळं काकांना सांगायचं होतं. मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. विल्यमसाहेब गेल्याचं दुःख झालं असेल असं मला वाटलं, पण त्यांचं डोकं पुढं धावलं होतं.

"सरकारी माल म्हणालास?"

"हो. लष्कराचा."

"मग तो दादांच्या हातात कसा आला?"

मी काही बोललो नाही. रेल्वेतून लष्कराचा किती माल जात असे, हे तारमास्तरांच्या मुलाला मी काय सांगणार? प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून ज्याची सत्तर वर्षं पूजा केली, त्याच्या पाठीवर 'सरकारी मालमत्ता' असा शिक्का! काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला वडिलांविषयी शंका येणं फार वाईट. तिसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला फोन केला. आत्या काकांहून तीन वर्षांनी धाकटी, डोंबिवलीला असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढं भिंग लावून बघायची काय गरज होती? मला विचारायचं. आई मरेपर्यंत सांगत होती, त्या मनगटावर माझ्या पाटल्या आहेत म्हणून. तुम्ही सगळे हसायचात."

आमच्या घरात पुरुषांचा इतिहास ओटीवर सांगितला जाई आणि बायकांचा स्वयंपाकघरात. दोन्हींच्या मध्ये माजघर होतं. त्यामुळे आजीची हकीकत काकांपर्यंत पोचली ती विनोद म्हणूनच. ती अशी. आजोबांचं खिशातलं घड्याळ मागं पडे. घरात ते चालून जातं. मुंबईत तर तेव्हा चक्क दोन वेळा नांदत होत्या. रेल्वे चाले स्टँडर्ड टाइमप्रमाणे आणि गावातली कित्येक माणसं 'मुंबई टाइम' धरून एकोणचाळीस मिनिटं मागं राहत, तेही अभिमानानं. पण तारमास्तर दोन मिनिटं मागं पडला तर मेमो येतो. आजोबांना दोन आले होते. तिसरा आला असता तर बढती गेली असती. लढाई नुकतीच संपली होती. सरकार लष्कराचा उरलेला माल विकायला काढत होतं, सुटून आलेले शिपाई आपलं काहीबाही विकत होते, आणि बाजारात या सगळ्यालाच 'डिस्पोजलचा माल' म्हणत. तसलं एक घड्याळ दादरला कुणाकडे तरी आहे असं कळलं. आजीनं पाटल्या उतरवल्या. "पुन्हा करून देईन," असं आजोबा म्हणाले होते. मुलं वाढली, शिक्षणं निघाली, पाटल्या राहून गेल्या. पुढं कुणी विचारलं की आजोबा एवढंच म्हणत, "साहेबाचं घड्याळ आहे ते." हे काही खोटं नव्हतं. बाकीचा साहेब काकांनी उभा केला.

"पण याला पुरावा काय?" काकांनी विचारलं. इतकी वर्षं जे तीन अक्षरांवर कीर्तन करत होते, त्यांना अचानक पुरावा हवासा वाटू लागला.

पुरावा होता. तो झाकणाच्या आतल्या बाजूला होता. घड्याळजी लोकांची एक जुनी रीत आहे. घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आत सुईच्या टोकानं ते आपली खूण आणि तारीख ओरखडून ठेवतात, पुन्हा आलं तर हिशेब लागावा म्हणून. साध्या डोळ्यांना तो नुसता ओरखडा वाटतो. मी पुन्हा जिन्याखाली गेलो. घड्याळजींनी झाकण दिव्याखाली तिरकं धरलं आणि मला एकेक ओळ वाचून दाखवली. सर्वांत जुनी खूण होती एका इंग्रजी 'डी'ची, आणि पुढं '९-४६'. सप्टेंबर १९४६. मग त्याच 'डी'चीच १९५१ ची, १९५४ ची. चोरीचा लष्करी माल कुणी वर्षाच्या आत उजळ माथ्यानं दुकानात साफ करायला नेत नाही, आणि पुढं आठ वर्षं त्याच दुकानात तर नाहीच नाही. शेवटची खूण १९५८ ची, वेगळ्या हाताची, आणि तिच्याशेजारी एक छोटासा गोल. "हा डायल रंगवल्याचा," घड्याळजी म्हणाले.

ते आत्याला चांगलं आठवत होतं. काळ्या डायलवरचं आजोबांना दिसेनासं झालं होतं. रिटायर व्हायला एक वर्ष उरलं होतं आणि चष्म्याचा नंबर वाढला हे त्यांना कचेरीत कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी डायल पांढरी करून घेतली.

न्यू जर्सीचा फोन आला. पांढरा रंग काढून खाली काळी डायल निघते का पाहा, निघाली तर भाव दुप्पट-तिप्पट होईल, असं चिरंजीवांचं म्हणणं. काकांनी फोन आत्याला जोडून दिला. ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण त्यानंतर भावाची चौकशी थांबली.

या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या रात्री मी पाट मांडत होतो. अडकित्ता ठेवला, पान्हा ठेवला, घड्याळ ठेवायला गेलो. काकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे आता इथं नको," ते म्हणाले. "लक्ष्मीपूजनाला दागिन्यांच्या ताटात ठेवू."